ट्रकवाल्यांची गाणी म्हणे!

"मामी, हे काय लावलंयस? हे तिकडे रेडनेक लोक ऐकतात. ट्रकवाले वगैरे."

आज दुपारी, एक्स्प्रेस-वेवर, खालापूर टोलच्या पुढे, माझ्या गाडीत, माझ्या पेट्रोलवर बसून भाच्याने हे ऐकवलं. डॅलसहून सुट्टीला आलाय. नाव लिहीत नाही, कारण त्याची आई माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहे आणि दिवाळीत फराळाला त्यांच्याकडेच जायचंय. जॉर्ज जोन्स गात होता, अमेरिकेतलं कंट्री म्युझिक. (रेडनेक म्हणजे तिकडचे अडाणी, गावंढळ गोरे.) पोराने हात पुढे करून त्याला बंद केलं आणि स्वतःच्या फोनवरचं काहीतरी ढॅणढॅण लावलं. पुढे घाट होता म्हणून मी गप्प बसले. आता घरी आलेय, चहा झालाय, गप्प बसायचं काही कारण उरलेलं नाही.

तर, ट्रकवाले ऐकतात. बरं मग? ट्रकवाल्याने ऐकलं की गाणं बाटतं का? आपल्याकडेही हेच. लावणी 'तसली', भारूड 'गावाकडचं'. तेच एसी हॉलमध्ये महागडं तिकीट लावून आलं की 'लोककला', मग पहिल्या रांगेत बसून माना डोलवायच्या. माझ्या यादीतली माणसं अशी नाहीत, मला ठाऊक आहे. पण तुमच्याही घरात असा एखादा भाचा असेलच.

आणि एक सांगते. ही गाणी माझ्यापर्यंत ट्रकमधून आलीच नाहीत. रेल्वेतून आली.

आमचे नाना भुसावळला गार्ड होते. कॉलनीत आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये एक अँग्लो-इंडियन मेल ड्रायव्हर राहायचे. आम्ही त्यांना नुसतं अंकल म्हणायचो. जुन्या लोकांना आठवत असेल, भुसावळ, दौंड, इगतपुरी, जिथे इंजिनांची मोठी शेड आणि गाडीवरच्या लोकांच्या विश्रांतीची रनिंग रूम, तिथे अशी घरं असायचीच. दारात क्रोटनच्या कुंड्या, आत जाळीचे पडदे, आणि रविवारी सकाळी चर्चहून आले की जिम रीव्हज. कॉलबॉय ड्युटीचा कॉल घेऊन आला तरी तोसुद्धा सायकल टेकवून एक गाणं ऐकूनच पुढे जायचा.

जिम रीव्हज टेक्ससचा. आधी बेसबॉल खेळला, मग रेडिओवर निवेदक झाला, मग गायक. माइकला ओठ टेकवून, जवळजवळ कुजबुजत गायचा. 'हील हॅव टु गो'मध्ये एक माणूस फोनवर आपल्या बाईशी बोलतोय, आणि पलीकडे तिच्या खोलीत दुसरा पुरुष आहे. बस, एवढंच. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. तुझ्याजवळ जो आहे त्याला जायला सांग, इतकंच तो म्हणतो, तेही आवाज न चढवता. ३१ जुलै १९६४ला नॅशव्हिलजवळ वादळी पावसात त्याचं छोटं विमान पडलं. तोच चालवत होता. वय ४०. दोन वर्षांनी, १९६६मध्ये, त्याचं 'डिस्टंट ड्रम्स' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. आमच्या कॉलनीत तर निम्म्या लोकांना तो हयात नाही हेच माहीत नव्हतं. नाताळ आला की जिम रीव्हज यायचाच, मग मेला कसा म्हणायचा? इकडे गोव्यात, वसईतही हेच, तिथल्या मैत्रिणी सांगतील.

(जिम रीव्हज कधीकधी जरा जास्तच गोड होतो, मान्य. मागे ते व्हायोलिनचे पट्टे आणि कोरस. पुढे चला.)

मला सांगायचंय ते जॉर्ज जोन्सच्या गाण्याबद्दल, जे आज बंद केलं गेलं. 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे'.

मी दहावीत होते. अंकलची मुलगी लग्न करून पर्थला गेली होती, तिने कॅसेट पाठवली होती. आदल्या वर्षी आंटी वारल्या होत्या. मे महिना, भुसावळचा मे, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. संध्याकाळी अंगणात पाणी मारून खाटा बाहेर काढल्या होत्या आणि अंकलने टेप खिडकीत ठेवला होता. नानांना इंग्रजी कामापुरतं, म्हणजे गार्डाच्या वहीत लिहिण्यापुरतं. त्यांनी विचारलं, "साब, ये क्या बोल रहा है?" आणि अंकलनी आपल्या भुसावळी हिंदीत सगळी गोष्ट सांगितली. एक आदमी है, गार्डसाब. औरत छोड के चली गई. ये बोला, मरेगा तब तक प्यार करेगा. उसका पुराना चिठ्ठी संभाल के रखा, जिधर जिधर प्यार लिखा उधर लाल लाइन मारा. दीवार पे फोटो. लोग बोले, भूल जायेगा. नहीं भूला. आज प्यार बंद हुआ. क्यूं? क्यूं कि आज मर गया.

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलणार. मग म्हणाले, "तो फिर उसका सामान किसने आवरा, साब?"

अंकल त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग इतके हसले, इतके हसले की ठसका लागला, आईने आतून पाणी आणलं. नानांना कळेना यात हसण्यासारखं काय आहे. ते खरंच विचारत होते.

मी पुढे पुष्कळ गाणी ऐकली, पुष्कळ शहाण्या माणसांना गाण्यांवर बोलताना ऐकलं. त्या प्रश्नाइतकी चांगली दाद मी अजून ऐकलेली नाही. कारण हे संगीत त्याच प्रश्नावर उभं आहे. प्रेम, विरह, मरण सगळ्यांच्याच गाण्यात असतं. पण मेल्यावर पत्रांचं काय झालं, भिंतीवरच्या फोटोचं काय, डॉक्टरचे पैसे कोणी दिले, हे कोण सांगतं? डॉली पार्टनच्या जन्माच्या वेळी डॉक्टरला द्यायला बापाकडे पैसे नव्हते, त्याने मक्याच्या पिठाचं पोतं दिलं. आईने चिंध्या जोडून शिवलेल्या कोटावर हिने १९७१मध्ये गाणं केलं. लोरेटा लिन केंटकीच्या कोळसाखाणीतल्या मजुराची पोरगी. तिच्या गाण्यात आई कपडे धुताना फळीवर घासून बोटांतून रक्त येतं, तेही आहे. ही गाणी म्हणजे घराची वही आहे. त्यात सगळी नोंद असते.

आणि जोन्सचं ऐका. त्याला स्वतःला हे गाणं मुळीच आवडलं नव्हतं. इतकं रडकं कोण विकत घेणार, असं त्याचं मत. तेव्हा तो दारू आणि कोकेनने पार पोखरला होता. गाताना चाल सुटायची आणि क्रिस क्रिस्टोफरसनच्या एका गाण्यावर घसरायची. मध्ये चार ओळी नुसत्या बोलायच्या आहेत, त्याही जीभ अडखळल्याशिवाय निघेनात. निर्माता बिली शेरिल मात्र हटून बसला. १९८०मध्ये गाणं आलं, पहिल्या क्रमांकावर गेलं. कंट्री म्युझिक असोसिएशनने त्याला वर्षाचं गाणं म्हणून १९८०मध्ये निवडलं आणि १९८१मध्ये परत तेच निवडलं. हाच तो माणूस, ज्याच्या बायकोने गाड्यांच्या किल्ल्या लपवल्या तेव्हा गवत कापायच्या यंत्रावर बसून दारूच्या दुकानात गेला. कार्यक्रमाला दांड्या मारून मारून 'नो शो जोन्स' हे नावच पडलेलं. मी या माणसाच्या बाजूने बोलत नाहीये. असा नवरा पदरी पडलेल्या बायकांनी काय काढलं असेल ते त्याच जाणोत. टॅमी वायनेटने सहा वर्षांत घटस्फोट घेतला, बरं केलं. पण गळा! तो दातांतल्या दातांत गातो, शब्द तोंडातून सोडायला नकोच असल्यासारखा, आणि मग एका अक्षरावर आवाज खाली मोडतो. २०१३मध्ये तो गेला, तेव्हा त्याच्या अंत्यविधीला ॲलन जॅक्सनने हेच गाणं म्हटलं. दुसरं कुठलं म्हणणार?

आता रेडनेकचं बघू. माझं डोकं खरं फिरलंय ते इथे.

हे गोऱ्या अडाणी लोकांचं संगीत, असं जे कोणी म्हणतं, त्याला गोऱ्यांबद्दलही काही माहीत नाही आणि काळ्यांबद्दल तर त्याहून नाही. बँजो आला आफ्रिकेतून उचलून आणलेल्या गुलामांबरोबर. हँक विल्यम्स, ज्याच्यापासून सगळे आपली वंशावळ सांगतात, तो गिटार शिकला रुफस पेन नावाच्या रस्त्यावर गाणाऱ्या काळ्या माणसाकडून. 'टी-टॉट' म्हणायचे त्याला. कार्टर या गाणाऱ्या कुटुंबातला ए. पी. कार्टर डोंगराडोंगरातून गाणी गोळा करत हिंडायचा, तेव्हा त्याच्याबरोबर लेस्ली रिडल हा काळा गिटारवाला असायचा. चाल लक्षात ठेवायचं काम त्याचं. ग्रँड ओल ऑप्री, नॅशव्हिलचा तो रेडिओवरचा कार्यक्रम, १९२५पासून अजून चालू आहे. त्याच्या सुरुवातीच्या मोठ्या कलाकारांत डीफोर्ड बेली होता, काळा, माउथ ऑर्गन वाजवायचा आणि त्यातून आगगाडीचा आवाज काढायचा. १९४१मध्ये त्याला काढून टाकलं. नंतर हा माणूस बूटपॉलिशचं दुकान चालवत होता.

आणि चार्ली प्राइड! मिसिसिपीतल्या कापसाच्या रानात राबलेल्या घरातला. कंपनीने त्याच्या पहिल्या रेकॉर्डी रेडिओवाल्यांना फोटो न लावता पाठवल्या, कारण आवाज ऐकून कोणाला शंका यायची नाही, तोंड बघितलं की यायची. १९७१मध्ये तोच माणूस कंट्री म्युझिक असोसिएशनचा 'एंटरटेनर ऑफ द इयर'. राहायचा कुठे माहितीये? डॅलसला. वारला कुठे? डॅलसला, डिसेंबर २०२०मध्ये, कोविडने. बाळा, तू त्याच गावात भाडं भरतोस.

हो, आहे, त्या संगीतात वर्णद्वेष होता, आहे. गुलामगिरीवाल्या दक्षिणेचे झेंडे नाचवणारे आहेत. आजच्या रेडिओवरच्या ट्रक-बिअर-जीन्सच्या गाण्यांची वकिली मी करत नाही. झालं? पुढे.

थांबा, कुकर लावून आले.

तर नाना. त्या संध्याकाळनंतर नानांना गोडी लागली. भाषा कळत नव्हती पण अंकलला गोष्टी विचारायचे, आणि अंकलना तर श्रोता हवाच होता. एकदा अंकलनी जिमी रॉजर्स लावला आणि म्हणाले, "गार्डसाब, ये अपना लाइन का आदमी है. ब्रेक्समन था." झालं! नाना ताठ बसले. खरंच होता. मिसिसिपीतल्या मेरिडियनचा, मालगाडीवर ब्रेक्समनचं काम करायचा. क्षय झाला, नोकरी सुटली, गाऊ लागला. १९२७मध्ये ब्रिस्टल गावात एका टोपीच्या दुकानाच्या माडीवर त्याची पहिली रेकॉर्ड झाली, त्याच आठवड्यात तिथेच कार्टर कुटुंबाचीही. पुढची सहा वर्षं गाऊन गाऊन अंगातलं सगळं संपवलं. १९३३च्या मेमध्ये न्यूयॉर्कला शेवटच्या रेकॉर्डिंगला दोन गाण्यांच्या मध्ये खाटेवर पडून राहायचा, उठून परत गायचा. त्यानंतर दोनच दिवसांत गेला. वय ३५. मृतदेह गावाला नेला तो रेल्वेनेच.

हे ऐकून नाना म्हणाले, "पास मिला होगा ना फॅमिली को?"

असे होते आमचे नाना. मी हे हसण्यासाठी सांगत नाहीये. तुम्ही हसलात तर हसा, अंकलही हसले होते. पण बघा, मेलेल्या माणसाचं सामान, मागे राहिलेल्यांचा पास. ज्याने आयुष्यभर ब्रेकव्हॅनमध्ये आपली लाइन बॉक्स, म्हणजे ड्युटीच्या सामानाची पेटी, घेऊन रात्री काढल्या, त्याला दुःख असंच दिसतं. आणि ती गाणी अशाच माणसांनी लिहिलेली होती. मर्ल हॅगार्डचा बाप रेल्वेत सुतार होता, मालडब्याचं घर करून राहायचे कॅलिफोर्नियात. बाप लवकर गेला, पोरगा वाया गेला, सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात जाऊन पडला. तिथे कैद्यांपुढे गायला जॉनी कॅश आला, आणि हा कैद्यांत बसून ऐकत होता. बाहेर पडून तोच पुढे एवढा मोठा झाला. जॉनी कॅश गिटारच्या तारांत कागद दुमडून घालायचा, म्हणजे ढोलासारखा ठेका निघतो, आगगाडीसारखा. फॉल्समच्या तुरुंगाच्या गाण्यात कैदी लांबून जाणारी गाडी ऐकतो आणि त्याला वाटतं, आत डब्यात लोक मजेत कॉफी पीत असतील. नाना यावर म्हणाले होते, मेलला डायनिंग कार असते, बरोबर आहे.

आणि ज्यांना हे सगळं फार लांबचं वाटतंय त्यांच्यासाठी: किशोरकुमार यॉडलिंग, म्हणजे आवाज झटकन वरखाली उडवत गाणं, शिकला ते जिमी रॉजर्सच्या रेकॉर्डी ऐकून, असं सांगतात. किशोरकुमार खांडव्याचा. खांडवा म्हणजे आमच्याच लाइनीवरचं, बुऱ्हाणपूरच्या पुढे. नाना महिन्यातून किती वेळा जायचे तिकडे. मेरिडियनच्या ब्रेक्समनचा सूर खांडव्याला पोचला आणि तिथून अख्ख्या हिंदुस्थानाच्या तोंडी बसला, आणि हा मला सांगतो ट्रकवाले ऐकतात!

बायकांचं तर बोलायलाच हवं, नाहीतर मी पोस्ट टाकणारच नाही. लोकांना वाटतं कंट्री म्हणजे नवऱ्याच्या पाया पडणाऱ्या बायका. लोरेटा लिनचं लग्न १५व्या वर्षी झालं, विशीपर्यंत चार पोरं. तिने १९७५मध्ये गर्भनिरोधक गोळीवर गाणं काढलं. गोळीवर! आता माझ्या मागे पोरं लावून तू हिंडायचं ते दिवस गेले, असं नवऱ्याला तोंडावर सांगणारं. कितीतरी रेडिओ स्टेशनांनी ते वाजवायला नकार दिला. आपल्याकडे आज कोणी असं गाणं करून दाखवावं, मग बोलू. पॅट्सी क्लाइन १९६१मध्ये मोटार अपघातात मरता मरता वाचली, बरगड्या मोडलेल्या, आणि 'क्रेझी' म्हणायला आली. वरचे सूर लागेनात, श्वास घेतला की दुखायचं. थोड्या आठवड्यांनी परत येऊन पूर्ण केलं. गाणं लिहिलं होतं विली नेल्सन नावाच्या तेव्हा कोणालाच माहीत नसलेल्या पोराने. दोन वर्षांत, मार्च १९६३मध्ये, पॅट्सी विमान पडून गेली. ३० वर्षांची होती. ते गाणं ऐकताना मला अजून त्या बरगड्या आठवतात, काय करू.

आणि डॉली, जिच्या केसांवर आणि छातीवर विनोद करून सगळे थकले, तिने एल्विसच्या मॅनेजरला नाही म्हटलं. 'आय विल ऑलवेज लव्ह यू' एल्विसला गायचं होतं, पण निम्मे हक्क द्या म्हणाले. रात्रभर रडली पण दिले नाहीत. १९९२मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने ते गायलं, तेव्हा हक्क कोणाकडे होते? बापाला लिहिता-वाचता येत नव्हतं म्हणून ही बाई १९९५पासून लहान मुलांना फुकट पुस्तकं वाटतेय. म्हणा गावंढळ.

राग जरा उतरलाय लिहिता लिहिता. भाचा वाईट पोरगा नाही, गेल्या खेपेला माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला रोज फोन करायचा. त्याच्या कानावर हे कोणी घातलंच नाही, तो तरी काय करील.

एक राहिलं. मी बारावी झाले त्या वर्षी अंकल रिटायर झाले आणि मुलीकडे पर्थला निघाले. क्वार्टर रिकामं करायचं होतं. मुलगी येऊ शकली नाही. नाना दोन ड्युट्यांच्या मधली झोप सोडून त्यांच्याकडे जात होते. आंटींचे फ्रॉक, आंटींची शिवणाची पेटी, चर्चचे फोटो, केकचे साचे. काय बोटीने जाणार, काय चर्चला द्यायचं, काय भंगारात, सगळं नानांनी बसून ठरवलं, आणि गार्डाच्या वहीत असतं तशा अक्षरात यादी केली. अंकलना स्वतःला एकही कपाट उघडवत नव्हतं. ते खिडकीत बसून राहिले आणि टेप लावायचं काम फक्त त्यांनी केलं. कॅसेटचा खोका त्यांनी आम्हाला ठेवून दिला. नानांनी तो लाइन बॉक्समध्ये ठेवला, ज्यात आईलाही काही ठेवायची परवानगी नव्हती.

अंकल गेले, नाना गेले, जोन्स गेला, लोरेटा गेली २०२२मध्ये, क्रिस्टोफरसन गेला २०२४मध्ये. विली नेल्सन मात्र १९३३चा जन्म असून नव्वदी उलटल्यावरही गात राहिलाय, घासून घासून भोक पडलेली तीच गिटार घेऊन. त्या गिटारचं नाव ट्रिगर. तुम्ही नुसतं तिचं भोक बघायला म्हणून त्याचे व्हिडिओ बघा, पुढचं आपोआप होईल.

कमेंटमध्ये 'कंट्री रोड्स' लिहू नका, ते सगळ्यांनी कॉलेजच्या ट्रिपमध्ये गायलंय, मीही. (नॅशव्हिल म्हणजे कंट्रीची राजधानी, पण तिथल्या लोकांना ते गाणारा जॉन डेन्व्हर आपला वाटतच नव्हता. १९७५मध्ये त्याला मोठा पुरस्कार मिळाला, तेव्हा नाव जाहीर करणाऱ्या चार्ली रिचने त्या चिठ्ठीला स्टेजवरच लायटर लावला. हीही माणसं काही कमी नाहीत.) त्यापेक्षा हे सांगा, भुसावळ, दौंड, इगतपुरीच्या रेल्वे कॉलनीत वाढलेलं कोणी आहे का इथे? तुमच्या लाइनीत कोणाकडे काय वाजायचं? आमच्या समोरच्या फोरमनच्या घरी दिवसरात्र स्किटर डेव्हिस असायची, आणि रविवारी जिम रीव्हज विरुद्ध स्किटर डेव्हिस अशी आवाज वाढवायची जी लढाई व्हायची, त्यात एकदा स्टेशन मास्तरांना मध्ये पडावं लागलं होतं. ते वेगळं लिहीन.